प्राण्यांचे गट मुलांना कसे शिकवावेत

प्राथमिक शाळेत परिसर अभ्यासाच्या तासाला प्राण्यांचा पाठ येतो, तेव्हा फळ्यावर बहुधा रकाने आखले जातात. पाळीव व जंगली, जलचर व भूचर, शाकाहारी व मांसाहारी अशी त्यांची शीर्षके असतात. मुले त्या रकान्यांत नावे भरतात, पाठ करतात व परीक्षेत लिहून दाखवितात. पाठ पुरा झाला असे शिक्षकास वाटते, मुलांसही वाटते. परंतु पहिल्या पावसानंतर शाळेच्या पायरीजवळ एखादा बारीक, काळसर, वळवळणारा जीव निघाला, म्हणजे तो गांडूळ की साप हे ठरविण्यास त्या रकान्यांचा काडीमात्र उपयोग होत नाही. मुलांना उत्तरे पाठ असतात. उत्तर काढावे कसे, हे त्यांस कोणी शिकविलेले नसते. ही रीत लहान मुलांच्या हाती कशी द्यावी आणि वसई-विरारच्या परिसराचा त्या कामी कसा लाभ घ्यावा, याचे विवेचन पुढे केले आहे.

मूल शाळेत काय घेऊन येते

वसई तालुक्याच्या दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आहेत. समुद्रकिनारा, खाडीचा चिखल, मिठागरे, केळीच्या व फुलांच्या वाड्या, भातशेते, तळी आणि जंगल ही सारी एवढ्याशा टापूत एकत्र आली आहेत. तुंगारेश्वराचे जंगल २००३ पासून अभयारण्य आहे व तेथे बिबट्याचाही वावर आहे. प्राण्यांचा पाठ शिकविण्यास याहून सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही.

अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव येथील कोळ्यांची मुले बोंबील, मुशी, पाकट, वाम, माकूल व चिंबोरी यांत वाढलेली असतात. आगाशी, निर्मळ, भुईगावकडील वाडीतल्या मुलांना पानाच्या कोणत्या बाजूस अळी बसते, हे ठाऊक असते. पारोळ, सकवार, उसगावकडील आदिवासी मुले पावसाळ्यात ओढ्यातील खेकड्याचे बीळ अचूक ओळखतात आणि आवाजावरून पक्षी सांगतात. याउलट शिक्षक पुष्कळदा घाटावरील जिल्ह्यांतून आलेले असतात. निवटी म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नसणे अगदी स्वाभाविक आहे. त्याचा संकोच बाळगण्याचे कारण नाही. "ही निवटी कशी असते, मला सांग बरे," असे शिक्षकाने विचारताच मागच्या ओळीत मुकाट बसणारे मूल पुढे येऊन बोलू लागते. ज्या मुलाला आपल्या घरचे ज्ञान शाळेत कवडीमोल ठरते असे एकदा वाटले, ते शाळेच्या ज्ञानालाही आपले मानीत नाही. या पाठात पणाला लागते ते हेच.

हा विचार या जिल्ह्याला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्या कार्यात त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातीलच कोसबाड येथे वाढले. गुरे राखावयास जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, असे दिसताच शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली. तिलाच 'कुरणशाळा' हे नाव पडले. शिंपले, बिया, पाने, खडे हेच तेथील साधन. बाजारातील महाग तक्त्यांवाचून शिक्षण अडत नाही, हे या दोघींनी याच जिल्ह्यात करून दाखविले. प्राण्यांच्या पाठास तर ही गोष्ट विशेष लागू पडते.

वर्गीकरण म्हणजे काय

वर्गीकरण म्हणजे सारख्या वस्तू एकत्र ठेवणे, ही व्याख्या खरी असली तरी अपुरी आहे. कोणत्या बाबतीत सारख्या, हा प्रश्न तीत अनुत्तरित राहतो. मासळी बाजारात बसणारी कोळीण आपल्या मालाची वाटणी ओली मासळी व सुकी मासळी अशी करते. तिच्या पाटीत पापलेटाशेजारी कोळंबी असते आणि कोळंबीशेजारी माकूल. तिच्या लेखी ही सारी 'मासळी'च. वाडीवाला पिकाची नासाडी करणारे व न करणारे असे किड्यांचे दोन भाग पाडतो. या वाटण्या चुकीच्या नाहीत. ज्या कामासाठी त्या केल्या, त्या कामास त्या पुऱ्या पडतात. 'पाळीव व जंगली' हे गटही याच जातीचे आहेत. ते माणसाच्या सोयीने केलेले असून त्यांवरून प्राण्याच्या शरीराविषयी काहीही कळत नाही. मांजर पाळीव आणि बिबट्या जंगली. पण दात, नखे, डोळे व चाल पाहिली म्हणजे दोघे एकाच कुळातील असल्याचे लहान मूलही सांगते.

शास्त्राची वाटणी शरीराच्या रचनेवरून होते. म्हणून शास्त्राच्या लेखी कोळंबी मासा नव्हे आणि माकूलही मासा नव्हे. शिक्षकाने मुलास "तू चुकलास, कोळंबी मासा नाही," असे म्हणू नये. "बाजारात ही मासळी, आता शरीर पाहू, मग हिचे खरे नातेवाईक कोण ते कळेल," असे म्हणावे. यात बाजाराचा मान राहतो आणि शास्त्राचाही.

शिक्षकाच्या माहितीसाठी थोडा इतिहास येथे देणे योग्य होईल. आपल्याकडील उपनिषदांत प्राण्यांचा विचार जन्माच्या रीतीवरून केलेला आढळतो. ऐतरेय उपनिषदात अंड्यातून जन्मणारे, वारेतून जन्मणारे, घामातून म्हणजे ओलाव्यातून उपजणारे आणि जमीन भेदून वर येणारे असे चार प्रकार सांगितले आहेत. ओलाव्यातून आपोआप जीव उपजतात, ही समजूत पुढे दीर्घकाळ जगभर टिकून राहिली. १६६८ मध्ये फ्रान्चेस्को रेदी या इटालियन वैद्याने मांसाचे तुकडे काही उघड्या व काही कापडाने झाकलेल्या भांड्यांत ठेवले. माशा जेथे बसू शकल्या, तेथेच अळ्या पडल्या. अळी मांसातून उपजत नसून माशीच्या अंड्यातून निघते, हे या प्रयोगाने उघड झाले.

स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस याने १७३५ मध्ये सृष्टीच्या वर्गीकरणाचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने देवमाशाला माशांत घातले होते. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने देवमासा तेथून काढून दूध पाजणाऱ्या प्राण्यांत ठेवला. त्याच आवृत्तीत वटवाघुळाला मात्र त्याने माणूस व माकड यांच्या गणात बसविले होते. आज वटवाघळांचा गण स्वतंत्र मानतात. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आल्यानंतर सारखेपणाचे कारणही समजू लागले. ज्यांचे पूर्वज एक, ते एका गटात, हे आजच्या वर्गीकरणाचे तत्त्व आहे. त्या दृष्टीने देवमाशाचा हल्लीचा सर्वांत जवळचा आप्त पाणघोडा ठरतो. यांतील सारे मुलांना सांगण्याची गरज नाही. मोठमोठ्या विद्वानांनीही नव्याने पाहून आपले गट बदलले, एवढे शिक्षकाच्या ध्यानी राहिले म्हणजे मुलाच्या चुकीकडे पाहण्याची त्याची दृष्टी मवाळ होते.

पहिली पायरी : नावे व निरीक्षण

पहिली-दुसरीच्या मुलांना गटांची नावे सांगण्याची घाई करू नये. प्रथम प्रत्येक मुलाने घरापासून शाळेपर्यंत पाहिलेल्या प्राण्यांची नावे घ्यावीत. ती नावे मुलांच्या बोलीत येतील. सामवेदी, वाडवळी, कोळी, वारली अशा निरनिराळ्या बोलींत एकाच पक्ष्याची किंवा माशाची तीन-चार नावे निघतील. ती सारी फळ्यावर लिहावीत आणि शेजारी पुस्तकातील नाव लिहावे. मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षिकोश' सिद्ध करताना पक्ष्यांची अशी नावे गोळा करण्यास मोठे मोल दिले होते. गावच्या शाळेतील फळाही त्या कामाचा एक लहानसा तुकडा होऊ शकतो. बोलीतील नाव पुसून त्या जागी पुस्तकी नाव लिहिल्यास मुलाच्या मनातून त्या नावाबरोबर तो प्राणीही पुसला जातो.

त्यानंतर एकेका प्राण्याकडे नीट पाहावयास शिकवावे. पाय किती? अंगावर काय आहे, केस, पिसे, खवले की नुसती ओली कातडी? तोंड कसे? तो चालतो कसा? या वयात पाय मोजण्याचा खेळ फार रंगतो. मुंगीचे पाय सहा, झुरळाचे सहा, फुलपाखराचे सहा. कोळी नावाचा किडा मोजला तर पाय आठ भरतात; विंचवाचेही नांग्या सोडून आठ. चिंबोरीचे पाय नांग्या धरून दहा होतात. गोमेचे पाय मोजताना मुले थकतात व हसतात. एवढ्यावरून मुले आपसूक म्हणू लागतात, "कोळी मुंगीच्या घरचा नाही." हे वाक्य मुलाच्या तोंडून येणे, म्हणजेच वर्गीकरणाचा आरंभ होणे होय. आतापर्यंत नावे दिलेल्या प्राण्यांच्या जातींपैकी निम्म्याहून अधिक कीटकांच्या आहेत. पाठाची सुरुवात वाघ-सिंहाच्या चित्राऐवजी पायाशी फिरणाऱ्या मुंगीपासून करणे, हे या दृष्टीनेही योग्य आहे.

दुसरी पायरी : प्रश्नांचा जिना

तिसरी-चौथीत पाठ करावयाच्या याद्यांऐवजी प्रश्नांचा क्रम शिकवावा. पहिला प्रश्न असा : पाठीला कणा आहे काय? प्रत्येक मुलाने शेजाऱ्याच्या पाठीवरून हलकेच बोट फिरवून मणके चाचपावेत. जेवणात उरलेला माशाचा काटा धुऊन, उन्हात वाळवून आणता येतो. बोंबील अंगाने मऊ असला तरी त्यालाही कणा आहे. वलांडीवर वाळलेल्या बोंबलात तो स्पष्ट दिसतो. मुशी व पाकट यांचा कणा हाडाचा नसून कूर्चेचा, म्हणजे माणसाच्या कानाच्या पाळीसारख्या लवचीक पदार्थाचा असतो. तरी तो कणाच. कोळंबी सोलली तर कवच निघते, आत काटा मिळत नाही. चिंबोरीचेही तसेच. एवढ्या पाहण्यातून सर्व प्राण्यांचे दोन मोठे भाग पडतात.

कणा असल्यास पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत. अंगावर केस आहेत व आई पिल्लाला दूध पाजते काय? असल्यास तो सस्तन प्राणी. पिसे आहेत काय? मग तो पक्षी. पोहण्यास पर आहेत व जन्मभर कल्ल्यांनी श्वास चालतो काय? तो मासा. कातडी ओलसर व खवल्यांवाचून आहे आणि लहानपण पाण्यात जाते काय? तो बेडकाच्या गटातील, उभयचर. कातडी कोरडी व खवल्यांची आहे आणि श्वास फुप्फुसांनी चालतो काय? तो सरपटणारा प्राणी. पाल, सरडा, साप, कासव हे सारे याच गटातील.

कणा नसल्यास पाय मोजावेत. सहा पायांचे कीटक, आठ पायांचे कोळी व विंचू, दहा पायांचे चिंबोरी, शेवंड व कोळंबी. कोळंबीच्या पोटाखाली पोहण्याचे आणखी अवयव असतात; ते सोडून चालण्याचे पाय मोजावेत. पाय नसून अंग वलयांचे असेल, तर गांडुळाचा वर्ग. अंग मऊ व वलयांवाचून असेल, तर गोगलगाय, तिसऱ्या, कालवे यांचा वर्ग. माकूलही याच शेवटच्या वर्गात मोडते. माकूल व गोगलगाय ही भावंडे आहेत, हे ऐकून कोळ्यांच्या मुलांनाही नवल वाटते. माकूल साफ करताना आत निघणारी पातळ, पारदर्शक पट्टी हा त्या घराण्याच्या कवचाचाच अवशेष आहे, असे सांगितले म्हणजे नवलाचे रूपांतर समजुतीत होते.

अडखळण्याच्या जागा

नियम सांगून झाल्यावर नियमाला अडविणारे प्राणी मुद्दाम पुढे आणावेत. पाठाची खरी गोडी तेथेच आहे.

पहिला अडथळा शब्दांचा. मराठीत देवमासा व तारामासा या दोन्ही नावांत 'मासा' आहे. पण दोघेही मासे नव्हेत. तारामाशाला कणाच नाही. देवमाशाला कणा आहे, तो पिल्लाला दूध पाजतो आणि श्वास घेण्यासाठी पाण्याच्या वर येतो. जून २०१५ मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याच्या किनाऱ्यावर प्रचंड निळा देवमासा वाहून आला होता. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत जुहूच्या किनाऱ्यावरही देवमाशाचे कलेवर लागले होते. अशा वेळी मुलांना शेपटीचे चित्र दाखवावे. माशाची शेपटी उभी असते व ती डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची व डॉल्फिनची शेपटी आडवी असते व ती खाली-वर हलते. व्हेल शार्क आकाराने देवमाशासारखा प्रचंड असला तरी त्याची शेपटी उभी, श्वास कल्ल्यांनी. म्हणून तो मासाच, आणि जगातील माशांत सर्वांत मोठा. भारतात २००१ पासून त्याला कायद्याचे संरक्षण आहे. ही एक खूण कळली की मूल दुरूनही निवाडा करू शकते.

दुसरा अडथळा जागेचा. पाण्यात राहतो तो मासा आणि जमिनीवर चालतो तो मासा नव्हे, हा समज खाडीकाठची निवटी मोडून काढते. ओहोटीच्या वेळी निवटी चिखलावर परांच्या आधारे उड्या मारीत फिरते. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून आणि ओल्या कातडीतून ती श्वासाची गरज भागविते. तिला कणा आहे, पर आहेत, कल्ले आहेत. तेव्हा ती मासाच. एखाद्या मुलाने "गुरुजी, निवटी तर चिखलात चालते," अशी शंका काढली, तर तिला बेशिस्त समजू नये. पाठातील सर्वांत चांगला प्रश्न तोच आहे. याच रीतीने वाम व समुद्रसाप यांची तुलना करावी. दोघे लांबट, दोघे जाळ्यात येतात. वामेला कल्ले व पर असतात. समुद्रसापाला कल्ले नसतात, अंगावर खवले असतात, शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते व श्वासासाठी तो वर येतो. तो विषारी आहे. म्हणून कोळ्यांच्या मुलांसाठी हा भेद पुस्तकी राहत नाही.

तिसरा अडथळा अंडी व पिल्ले यांचा. कान बाहेर दिसतात ते पिल्ले देतात आणि कान दिसत नाहीत ते अंडी घालतात, असा एक जुना ठोकताळा सांगितला जातो. अंगणातील गाय, शेळी, कोंबडी व चिमणी यांना तो बरोबर लागू पडतो. परंतु मुशीच्या कित्येक जाती पिल्लांना जन्म देतात. घोणस व फुरसे हे सापही पिल्लेच देतात. ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपस अंडी घालून पिल्लांना दूध पाजतो. डॉल्फिनचे कान बाहेर दिसत नाहीत. तेव्हा सस्तन प्राण्याची खरी खूण पिल्ले देणे ही नसून दूध पाजणे ही आहे. ठोकताळा टाकून देऊ नये; तो कोठपर्यंत चालतो, हे मुलांकडून शोधून घ्यावे.

चौथा अडथळा वाढीचा. पहिल्या पावसानंतर डबक्यांत शेपटीची काळी पिल्ले वळवळू लागतात. मुले त्यांना मासे समजतात आणि त्या दिवसापुरते ते फारसे चूकही नसते. त्यांना कल्ले असतात व ती पाण्यातच श्वास घेतात. दर दोन दिवसांनी मुलांना त्याच डबक्याकडे न्यावे. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे. शेपटी आखडत जाते आणि एक दिवस लहानसा बेडूक काठावर येऊन बसतो. कोणत्याही प्राण्याचा गट त्याच्या एका दिवसाच्या रूपावरून ठरवू नये, सारे आयुष्य पाहावे, हा धडा यातून मिळतो. अळी व फुलपाखरू यांच्या बाबतीतही हेच सांगता येते.

वटवाघूळ उडते, पण त्याच्या अंगावर पिसे नसून केस असतात. त्याच्या पंखाच्या चित्रात लांब वाढलेली बोटे व अंगठा मुलांना स्वतःच्या पंजाशी ताडून पाहू द्यावीत.

गांडूळ, वाळा आणि साप

आरंभीच्या प्रश्नाकडे आता येता येईल. गांडुळाचे अंग वलयांचे व ओलसर असते; ते अंग लांबवीत व आखडीत पुढे सरकते. वाळा हा अगदी बारीक बिनविषारी साप. त्याच्या अंगावर चकचकीत खवले असतात, तो सुळकन वळवळत जातो व बारीक जीभ बाहेर काढतो. त्याला कणा आहे, गांडुळाला नाही. सह्याद्रीच्या दमट भागात आढळणारे देवगांडूळ दिसावयास गांडुळासारखेच वलयांचे असते. पण त्याला कणा व दात असून ते बेडकाच्या गटातील आहे. बाहेरून सारखे दिसणारे हे तीन जीव तीन निराळ्या घराण्यांतील निघतात. याहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही.

परंतु येथे एक कडक मर्यादा पाळावी. असा भेद चित्रावरून शिकवावा किंवा दुरून पाहून करावा. कोणत्याही मुलाने हात लावून खात्री करू नये. भारतात सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंची संख्या २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० च्या घरात होती, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे. यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांतील असून निम्मे पावसाळ्याच्या महिन्यांत झाले. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारांची नावे व चित्रे मुलांना ठाऊक असावीत. मात्र साप विषारी की बिनविषारी हे ठरविण्याचे काम मुलांचे नव्हे. त्यांना नियम एकच शिकवावा : साप दिसला की मागे व्हावे आणि मोठ्या माणसास सांगावे. मण्यार रात्री हिंडते व जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. खाट व मच्छरदाणी यांचा उपयोग मुलांकरवी घरोघरी कळविता येईल. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. चावलेला अवयव स्थिर ठेवून वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. सर्पदंशावरील प्रतिविष रुग्णालयातच मिळते, मंत्राने ते मिळत नाही. प्राण्यांच्या पाठातून एवढे जरी घरी पोहोचले, तरी तो पाठ सार्थकी लागला असे म्हणता येईल.

साहित्य व दक्षता

शाळेत एक संग्रहपेटी ठेवावी. तीत किनाऱ्यावर पडलेले साधे रिकामे शिंपले, गळून पडलेली कोंबडीची व कावळ्याची पिसे, चिंबोरीचे कवच, माशाचा काटा, फुलपाखराचा कोष, टाकून दिलेले कोळ्याचे जाळे दोऱ्याने कागदावर काढलेले, असे साहित्य जमवावे. जिवंत प्राणी पकडून आणण्यास मुलांना कधीही सांगू नये. बेडूक, कासव, साप व अनेक पक्षी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. घरटी व अंडी यांनाही हात लावू नये. वटवाघळांना किंवा मेलेल्या प्राण्यांना स्पर्श करू देऊ नये. काटा, पिसे हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लावावी. काही घरांत मासे वर्ज्य असतात. त्या घरच्या मुलांवर काटा हाताळण्याची सक्ती करू नये आणि मासे खाणाऱ्या मुलांना कोणी हिणवू नये, याकडेही लक्ष असावे.

'हिंस्र', 'घाणेरडे', 'निरुपयोगी' असे शब्द या पाठात टाळावेत. घुबड व धामण उंदीर खातात, गांडूळ माती भुसभुशीत करते, खाडीच्या चिखलात माशांची पिल्ले वाढतात. ज्याचे नाव व घराणे ठाऊक आहे, त्याला मूल सहसा दगड मारीत नाही.

पारख

पाठाच्या शेवटी "सस्तन प्राण्यांची पाच नावे लिहा" असा प्रश्न घातल्यास पाठांतर तेवढे कळते. त्याऐवजी मुलांनी पूर्वी न पाहिलेल्या प्राण्याचे चित्र द्यावे, आवश्यक ती माहिती दोन ओळींत सांगावी आणि विचारावे : हा कोणाच्या घरचा? कशावरून? गुण 'कशावरून' याला द्यावेत. उदाहरणार्थ, पेंग्विन उडत नाही व पाण्यात पोहतो. एखाद्या मुलाने त्याला मासा म्हटले व "तो पोहतो" असे कारण दिले, तर त्याने एक खूण पाहिली आहे. दुसरी खूण पाहण्यास त्याला परत पाठवावे. "अंगावर पिसे आहेत, म्हणून पक्षी," असे दुसऱ्याने म्हटल्यास त्याने रीत आत्मसात केली असे समजावे. नाव चुकले पण कारण बरोबर असले, तर ते मूल योग्य वाटेवर आहे. नाव बरोबर असून कारण देता आले नाही, तर पाठ पुन्हा घ्यावा.

अशा तऱ्हेने शिकलेले मूल चौथी ओलांडताना कदाचित थोडी नावे विसरेल. पण एखादा अनोळखी जीव समोर आला, तर घाबरून मारण्याआधी किंवा धीट होऊन हात लावण्याआधी ते क्षणभर थांबेल, नीट पाहील आणि मनाशी विचारील : याला कणा आहे काय? पाय किती? अंगावर काय आहे? ही सवय गावातील प्रत्येक मुलास लागावी, एवढीच या पाठाकडून अपेक्षा आहे.